अजून वाढलेलं नाही

मांद्रेकर मॅडमच्या समोर ‘नॉर्मल’ हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. गोव्यात म्हापशाच्या इस्पितळाच्या लॅबमध्ये मी लागले त्या पहिल्याच आठवड्यात मला हे कळलं. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या एका बाईच्या रक्ताचा तपास मी फोनवरून कळवला आणि सवयीनं म्हणाले, “क्रिएटिनीन नॉर्मल आहे, मॅडम.”  पलीकडून त्या म्हणाल्या, “नॉर्मल आहे असं तुला कोणी सांगितलं? अजून वाढलेलं नाही, एवढंच तुला माहीत आहे. तेवढंच सांग.” आणि फोन ठेवला.

मला राग आला होता. डिचोलीहून बस बदलत बदलत यायचं, उभ्यानं काम करायचं आणि वर हे ऐकून घ्यायचं. पण दुपारी त्या स्वतःच खाली लॅबमध्ये आल्या. एका हातात कँटीनच्या चहाचा ग्लास, दुसऱ्या हातात कडक उंडो. स्टुलावर बसल्या, पाव चहात बुडवून खाऊ लागल्या आणि खाता खाताच मला समजावून सांगू लागल्या. क्रिएटिनीन म्हणजे रक्तातला कचरा. मूत्रपिंड तो बाहेर टाकतं. मूत्रपिंड बिघडलं की कचरा साचतो, पण साचायला वेळ लागतो. एक दिवस, कधी दोन. तोवर आत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. आपण मात्र कागदावरचा आकडा बघून समाधानानं घरी गेलेलो असतो.

“हृदय बोंब मारतं, गे,” त्या म्हणाल्या. “फुप्फुसं धापा टाकतात. पोट तर सगळ्या गावाला सांगत सुटतं. मूत्रपिंड तेवढं गप्प मरतं.”

डॉक्टर वसुधा मांद्रेकर. उंच, काटकुळ्या, केस कायम मागे घट्ट बांधलेले, पायात रबरी चपला. मूत्रपिंडाच्या डॉक्टर, पण त्यांचं निम्मं आयुष्य हृदयाच्या अतिदक्षता विभागात गेलं, कारण त्यांचे रोगी तिथे तयार व्हायचे. हृदय दुरुस्त होऊन माणूस टेबलावरून उतरायचा आणि तिसऱ्या दिवशी मूत्रपिंडं बंद पडायची. नातेवाइकांना याचा अर्थच लागायचा नाही. छातीचं ऑपरेशन केलं आणि लघवी कशी थांबली, हा प्रश्न मी त्या दारात किती जणांच्या तोंडून ऐकला असेन.

त्या मूळच्या हरमलच्या. आमच्याशी शाळेतल्या बाईंसारखं स्वच्छ मराठी बोलायच्या, पण पेडण्याकडचा रोगी समोर आला की भाषा फिरायची. “खंयचो रे तू? कोरगावचो? मगे, मुतूक बरां जाता मां?” असं सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारायच्या. माणूस लाजून अर्धा व्हायचा, पण खरं सांगायचा. खाटेजवळ गेल्यावर त्या रोग्याच्या तोंडाकडे आधी बघत नसत. कडेला लटकणाऱ्या लघवीच्या पिशवीपाशी वाकत, तिचा रंग बघत, हातानं वजन तोलत, आणि मग सरळ होऊन म्हणत, “हां. आता बोल.” नवीन नर्सांना याचं हसू यायचं. जुन्या नर्सा त्या यायच्या आधी पिशवी पुसून ठेवायच्या.

त्यांच्या जुन्या स्कूटरला नेहमी दोन हेल्मेटं अडकवलेली असायची. दुसरं कोणासाठी, असं मी एकदा विचारलं. संध्याकाळी फाटकाशी जो कोणी नातेवाईक बस चुकल्यासारखा उभा दिसेल त्याच्यासाठी, असं त्यांनी सांगितलं. त्याला मागे बसवायच्या आणि म्हापशाच्या बसस्टँडवर सोडायच्या. पेडण्याची शेवटची गाडी कुठली आणि डिचोलीची कुठली, हे त्यांना तोंडपाठ होतं. लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल कोणी विचारलेलं त्यांना आवडत नसे, आणि कोणी विचारतही नसे.

आमचा जो अभ्यास चालला होता तो त्यांचाच हट्ट होता. मूत्रपिंड गप्प मरत असेल, तर त्याच्या आधी दुसरं कोणीतरी ओरडत असलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ते ओरडणं त्या रक्तात शोधत होत्या. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त यंत्रातून फिरतं, शरीराला वाटतं आपल्यावर काहीतरी आलं, आणि प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी खवळतात. त्यातल्या एका जातीच्या पेशी, न्यूट्रोफिल, भराभर वाढतात. ज्या पेशी सगळ्यांना आवरून धरतात त्यांची संख्या उतरते. या दोघींचं प्रमाण आणि त्यासोबत रक्तात सुटणारी दोन-तीन प्रथिनं मोजली, तर क्रिएटिनीन वाढण्याच्या कितीतरी आधी कळू शकेल, की या माणसाची मूत्रपिंडं धोक्यात आहेत. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी एकदा आणि नंतर काही वेळा, असे नमुने मी घेत होते आणि खाली मोजत होते.

शिकाऊ डॉक्टर या पेशींना सैनिक म्हणायचे. मॅडमना ते मुळीच खपत नसे. एकदा त्यांनी एकाला थांबवलं आणि विचारलं, शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात कधी गेला आहेस का. तो हो म्हणाला. मग त्यांनी सांगितलं, त्या गर्दीत कोणीतरी उगाच ‘साप’ म्हणून ओरडलं तर काय होईल ते डोळ्यांसमोर आण. सगळे एकदम पळतील, अरुंद गल्लीत शिरतील, केळीवाल्या बायकांच्या पाट्या तुडवतील, एखादं पोर चिरडेल. साप नसेलच. “मूत्रपिंडात सगळ्या अरुंद गल्ल्याच आहेत,” त्या म्हणाल्या. “सैनिक कसले. घाबरलेली गर्दी आहे ती.”

एकदा एका डॉक्टरांना आमच्या आकड्याबद्दल शंका आली, म्हणून मी न सांगता तो नमुना परत मशीनवर लावला. मॅडमना कळलं तेव्हा त्या मला ओरडल्या नाहीत, पण फार गंभीर झाल्या. मशीन बिघडलं असेल तर परत लाव, म्हणाल्या, नमुना खराब असेल तर परत लाव. आकडा आवडला नाही म्हणून परत लावायचा नाही. असं एकदा केलं की मग आपण आवडता आकडा येईपर्यंत लावत बसतो.

त्यांचं काम मला समजू लागलं ते गवसमुळे. सखाराम गवस दोडामार्गकडचा, डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवणारा. हृदयाची झडप बदलायला आला होता. शस्त्रक्रिया उत्तम झाली. दुसऱ्या सकाळी तो उशीला टेकून बसला होता, बायकोशी बोलत होता, क्रिएटिनीन वाढलेलं नव्हतं, आणि आमचे आकडे मात्र असे चढलेले होते की मी ते दोनदा वाचून मग वर कळवले. मॅडम गेल्या, पिशवी बघितली. पिशवीतही तेव्हा काही वावगं दिसत नव्हतं. तरी त्यांनी बाहेर येऊन त्याच्या बायकोला, सुमतीला, बाकावर शेजारी बसवलं आणि सांगितलं, की मूत्रपिंडांना मार बसला आहे असं रक्तात दिसतंय, उद्या-परवा लघवी कमी होईल, डायलिसिसच्या मशीनवर घ्यावं लागेल. आधी सांगते आहे, कारण एकदम कळलं की माणूस कोसळतो.

सुमतीनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “मगे त्येचेर औषद काय, बाय?”

मॅडम म्हणाल्या, मूत्रपिंडाला जड जाणाऱ्या गोळ्या बंद करतो, रक्तदाब सांभाळतो, पाणी मोजून देतो.

“ता झाला. औषद काय?”

मॅडमनी तिचा हात धरला. औषध नाही, असं सांगितलं. सुमती म्हणाली, “मगे माका आज कित्याक सांगलंस?” ती रागानं बोलत नव्हती, तिला खरंच समजत नव्हतं. तिचा नवरा आत बसून चहा मागत होता आणि कोणीतरी तिला त्याचं उद्याचं सांगून तिचा आजचा दिवस घेतला होता.

गवसची मूत्रपिंडं गेली ती परत आलीच नाहीत. ट्रक सुटला. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी डायलिसिसला म्हापशाला येत राहिला, आणि अधूनमधून सुमती आमच्या इस्पितळाच्या कँटीनमध्ये दिसायची. मॅडम दिसल्या तर उठून उभी राहायची. मॅडमना ते सहन व्हायचं नाही. त्या दुसऱ्या दारानं जायच्या. सुमतीच्या त्या प्रश्नापासून आमचे आकडे त्यांनी नातेवाइकांना सांगणं बंद केलं. डॉक्टरांना सांगायच्या, नर्सांना बजावायच्या, पण बाकावरच्या माणसांना नाही.

सगळं असंच होत होतं असं नाही. साखळी गावच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांचे आकडे चढले तेव्हा मॅडमनी धावपळ केली. दुखण्यासाठी लिहिलेलं इंजेक्शन बदलायला लावलं, रंगद्रव्य टोचून करायचा स्कॅन पुढे ढकलायला लावला, दिवसभर रक्तदाबाकडे डोळा ठेवून बसल्या. क्रिएटिनीन थोडं वर गेलं आणि उतरलं. बाई चालत घरी गेल्या. आम्ही लॅबमध्ये इतक्या खूश झालो की मी बाहेरून शेव-बुंदी आणली. मॅडमनी चिमूटभर घेतली आणि म्हणाल्या, “काहीही न करता त्या बऱ्या झाल्या असत्या का, हे आपल्याला कधीच कळणार नाही.” मोठे सर, म्हणजे शस्त्रक्रिया करणारे आमचे ज्येष्ठ डॉक्टर, तिथेच होते. ते म्हणाले, वसुधा, एखादा दिवस तरी आनंदात राहा. मॅडम हसल्या. पण शेव-बुंदीची पुडी त्यांनी टेबलावर तशीच ठेवली.

मग त्यांचे भाऊ आले.

गजानन मांद्रेकर. गावात सगळे गजाभाई म्हणायचे, मॅडम नुसतं भाई. हरमलला किनाऱ्याच्या वाटेवर त्यांच्या खोल्या होत्या, पर्यटकांना भाड्यानं द्यायच्या. पावसाळा संपून सीझन तोंडावर आला होता, खोल्यांना रंग काढत असताना छातीत कळ आली. तपासणीत निघालं की हृदयाला रक्त नेणारी मुख्य नळीच जवळजवळ बंद आहे. मोठ्या सरांनी सांगितलं, थांबता येणार नाही.

गजाभाई बहिणीच्या अगदी उलट. जाडजूड, बोलके. पहिल्याच दिवशी सगळ्या वॉर्डाशी ओळख करून घेतली. मी रक्त घ्यायला गेले तर म्हणाले, “घे गे, हवां तितक्या घे. आमच्या वसून उभो जल्म लोकांच्या मुतात घालयलो, तुम्ही रगतात घाला.” मॅडम पलीकडे उभ्या होत्या. त्यांना हसू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. त्यांना तसं हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

तो नमुना मी मोजला. शस्त्रक्रिया व्हायची होती, शरीराला अजून कोणी हातही लावला नव्हता, आणि आकडे आताच चढलेले होते. मधुमेह जुना होता, मूत्रपिंडं आतून थकलेली असणार. अशा रक्ताच्या माणसांचं पुढे काय होत गेलं हे तोवर आम्ही पुरेसं पाहिलं होतं. मी फोन केला नाही. मॅडमच खाली आल्या. स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “परत लाव.”

मी म्हणाले, “मॅडम, मशीन बरोबर चाललंय.”

“मला माहीत आहे. परत लाव.”

मी लावला. तोच आकडा आला. त्यांनी दुसऱ्या मशीनवर लावायला सांगितलं. तिथेही तोच. त्या स्टुलावर बसल्या, हात मांडीवर ठेवले, आणि लॅबमधल्या फ्रिजकडे बघत राहिल्या. त्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

पुढचं सगळं दुपारभरात झालं. त्या मोठ्या सरांकडे गेल्या. मीही आकडे घेऊन सोबत होते. सरांनी शांतपणे ऐकलं. ते काही आडमुठे नव्हते. मॅडमच्या अभ्यासावर त्यांचा विश्वास होता. ते म्हणाले, “तुझा आकडा खरा आहे असं धरून चालतो. आता मला सांग मी काय करू. ऑपरेशन नाही केलं, तर हा माणूस महिना काढेल का?” मॅडम म्हणाल्या, नाही. सर म्हणाले, “मग?”  जेवढी काळजी घेता येते तेवढी सगळी घ्यायची, असं ठरलं. कुठली औषधं टाळायची, रक्तदाब कितीच्या खाली जाऊ द्यायचा नाही, यंत्रावर कमीत कमी वेळ कसा ठेवायचा. सरांनी एकाही गोष्टीला नाही म्हटलं नाही.

संध्याकाळी रक्तगट जुळवण्यासाठी नमुना घ्यायला मी वॉर्डात गेले तेव्हा मॅडम भावाच्या खाटेवर बसल्या होत्या. गजाभाईंची बायको, म्हणजे मॅडमची वैनी, खाली चहा आणायला गेली होती. गजाभाईंनी बहिणीच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, “वसू, खरां सांग. माझ्या रगतात तुका काय दिसला?”

मला वाटलं, काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. नेली नाही. म्हणाल्या, “ऑपरेशन करूकच होया, भाई. पण मूत्रपिंडाक धक्को बसतलो, असां दिसता.”

“बसतलोच?”

“बसतलोच असां कोणाक सांगूक येयना. पण माका भंय दिसता.”

इतक्या वर्षांत भीती वाटते हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. गजाभाईंनी पायावरची चादर सारखी केली. मग अगदी सहज, जणू खोलीच्या रंगाबद्दल बोलावं तसं म्हणाले, “मगे तुका आदीच कळान उपेग काय झालो?”

“काय नाय, भाई.”

त्यांनी बहिणीच्या पाठीवर हात ठेवला. वैनीला सांगू नको, म्हणाले, ती देवळात जाऊन बसेल आणि जेवणार नाही. तेवढ्यात वैनी चहा घेऊन आली आणि दोघंही सीझनबद्दल बोलू लागली.

शस्त्रक्रिया चांगली झाली. दुसऱ्या सकाळी क्रिएटिनीनचा तपास माझ्याच हाताखालून गेला. मी फोन उचलला, त्यांच्याशी कसं बोलायचं ते मला आता पाठ झालं होतं. मी म्हणाले, “अजून वाढलेलं नाही, मॅडम.”

 पलीकडून अगदी बारीक आवाज आला. “नॉर्मल म्हण गे. आजच्या दिवस नॉर्मल म्हण.”

मी म्हणाले, “नॉर्मल आहे, मॅडम.” त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतरचं मी फार सांगत नाही. आमचे दुसरे आकडे आदल्या दिवसापेक्षाही वर गेले होते, आणि ते मी त्यांना कळवलेच नाहीत. त्यांनी विचारलेही नाहीत. पिशवीतली लघवी आधी गडद झाली, मग कमी झाली, मग पिशवी चपटी होऊन आतून चिकटली. मॅडम खाटेशेजारी वाकून उभ्या राहायच्या. काहीच नसलेल्या त्या पिशवीला हात लावून बघायच्या, कोपरा सरळ करायच्या, नळी कुठे दुमडली आहे का ते चाचपायच्या. नर्सा मान वळवायच्या. भावाला डायलिसिसवर घेतलं. तोंडात श्वासाची नळी होती, तरी शुद्धीवर होते तोवर ते खाणाखुणांनी विनोद करायचे. मग फुप्फुसात जंतुसंसर्ग झाला. मोठे सर दिवसातून कितीदा येऊन जायचे आणि मॅडमशी न बोलता निघून जायचे. एका दुपारी, वैनी जेवायला गेली असताना, गजाभाई गेले.

वैनीला ते कसं कळलं कोणास ठाऊक. कदाचित एखाद्या नर्सनं हळहळून बोलता बोलता सांगितलं असेल, की मॅडमना आधीच माहीत होतं. इस्पितळातून निघायच्या वेळी, गाडी दारात उभी असताना, ती मॅडमच्या समोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती. “तुका म्हायत होतां?” तिनं विचारलं.

“होय, वैनी.”

“मगे तू त्येका हरमलाक परत कित्याक नाय धाडलंस? चार दिस घरात जगलो असतो. दर्या बगलो असतो.”

मॅडमनी तोंड उघडलं. सांगण्यासारखं होतं, हृदयाची नळी, महिनाभराचं आयुष्य, ते सगळं खरंही होतं. पण त्यांनी नुसतं गाडीचं दार उघडून धरलं. वैनी गाडीत बसली. हरमलपर्यंत त्या दोघी एकाच गाडीतून गेल्या, वैनी मागे आणि मॅडम पुढे, असं ड्रायव्हरनं नंतर आम्हाला सांगितलं.

दिवसकार्य आटोपून मॅडम कामावर आल्या. कोणी काही विचारू नये अशाच चेहऱ्यानं आल्या. अभ्यास संपत आला होता. सगळ्या रोग्यांचे आकडे भिंतीवरच्या पडद्यावर मांडून बघायची बैठक ठेवली होती. एकेक रोगी म्हणजे एकेक ठिपका. नाव नसतं. बहुतेक ठिपके एकमेकांत मिसळलेले होते. वर उजव्या कोपऱ्यात एक ठिपका अगदी एकटा होता. आमच्याकडे नुकताच आलेला एक तरुण डॉक्टर उत्साहानं म्हणाला, “मॅडम, हा बघा. आधीपासून आकडा वर, आणि पुढे तसंच झालं. आपलं म्हणणं सिद्ध करायला हा एकच पुरे.”

त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मोठ्या सरांना. सरांनी खुर्ची मागे सरकवली. मॅडम पडद्याकडे बघत होत्या.

“हो,” त्या म्हणाल्या. “हा रोगी आपल्याला फार चांगला मिळाला. पुढचं दाखव.”

बैठक त्यांनी शेवटपर्यंत चालवली. कोणाची कुठे चूक होती ती दाखवली, कुठल्या रोग्यांना वगळायचं यावर वाद घातला. त्या एका ठिपक्याला वगळावं असं सरांनी हळूच सुचवलं. घरचा माणूस आहे, कोणी दोष देणार नाही, म्हणाले. मॅडमनी नकारार्थी मान हलवली. मग थोड्या महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली. निरोपसमारंभ करू दिला नाही. अभ्यास दुसऱ्यांनी पुरा केला. त्यात त्यांचं म्हणणं बरोबर ठरलं.

हरमलला त्या वैनीसोबत राहतात असं कळलं. मी एकदा सुटीच्या दिवशी गेले. खोल्या भाड्यानं दिलेल्या होत्या, अंगणात परदेशी माणसांचे कपडे वाळत होते. वैनीनं मला पाणी दिलं आणि आत गेली. मॅडम ओसरीवर बसल्या होत्या. वैनी तुमच्याशी बोलते का, असं मी विचारलं. “कामापुरतं,” त्या म्हणाल्या. “तिचं काही चुकत नाही. मी तिच्या जागी असते तर घरात घेतलं नसतं.” मी म्हणाले, मॅडम, औषध आज नाही, उद्या सापडेल, तेव्हा आधी कळण्याचा उपयोग होईल. आधी तुम्हीच हे म्हणायचात. त्या समुद्राकडे तोंड करून म्हणाल्या, “होईल. कोणाला तरी होईल. मला त्याचा आनंद व्हायला पाहिजे. प्रयत्न करते, होत नाही.” मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि उठले. बसपर्यंत सोडायला त्या आल्या नाहीत.

त्यानंतर त्या पुन्हा इस्पितळात दिसू लागल्या. डॉक्टर म्हणून नव्हे. आठवड्यातून एखाद्या सकाळी हरमलहून बस पकडून यायच्या आणि अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकावर, नातेवाइकांमध्ये जाऊन बसायच्या. आत जायच्या नाहीत. कोणाला बिस्किटं आणून द्यायच्या, कोणाला औषधाचं दुकान दाखवायच्या, पण बहुतेक वेळ नुसत्या बसायच्या. नवीन सुरक्षारक्षकाला वाटायचं, यांचंच कोणीतरी आत आहे. कशासाठी येतेस, असं मोठ्या सरांनी एकदा विचारलं. “यानं काही होत नाही,” त्या म्हणाल्या. “हे मला माहीत आहे, सर. घरी बसूनही काही होत नाही.”

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथेच. अभ्यासातल्या त्या तपासण्या आता रोजच्या कामाचा भाग झाल्या होत्या. त्या सकाळी एका रोग्याचे आकडे वाईट आले. मेणकुऱ्याचा तरुण माणूस, आदल्या दिवशी झडप बदललेली. वरचा फोन कोणी उचलेना, म्हणून मी स्वतःच सांगायला निघाले. जिन्यावरून वर आले तर बाकावर मॅडम, आणि त्यांच्या शेजारी त्या माणसाची बायको. रक्त घ्यायला गेले तेव्हा मी तिला पाहिलं होतं. ती हातवारे करून काहीतरी सांगत होती. शेजाऱ्याचा पाडा, म्हणजे वळू, मोकळा सुटून यांच्या मिरच्यांची रोपं खाऊन गेला होता, आणि नवरा काठी घेऊन त्याच्यामागे सगळ्या वाड्यातून धावला होता, असं काहीतरी. सांगता सांगता ती हसत होती. नवरा बरा होऊन घरी येणारच आहे, अशा आवाजात सांगत होती.

मॅडमनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना सगळं कळलं असणार. इतकी वर्षं त्यांनी तो वाचला होता. मी थबकले. त्या विचारतील असं मला वाटलं. एक शब्द पुरला असता, नुसती भुवई उचलली असती तरी मी सांगितलं असतं.

त्यांनी माझ्यावरून नजर काढली आणि त्या बाईकडे पूर्ण वळून बसल्या.

“मगे?” त्यांनी तिला विचारलं. “तो पाडो मेळलो मां?”

मी दार ढकलून आत गेले.